दहा रुपयांची बंदूक

दौलताबादच्या किल्ल्यावर शाळेची सहल गेली की मुले मेंढा तोफेभोवती गोळा होतात. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके आहे, त्यावरून हात फिरवल्याशिवाय कोणी पुढे सरकत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत नववीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, आपल्याकडे एवढ्या मोठ्या तोफा होत्या, मग असईच्या लढाईत आपण हरलो कसे? आपल्या बंदुका वाईट होत्या का?"

"इंग्रजांची शस्त्रे आधुनिक होती" हे पाठ्यपुस्तकी उत्तर माझ्या जिभेवर आले होते. ते मी देऊनही टाकले. पण घरी आल्यावर ते मलाच पटेना. आधुनिक म्हणजे नेमके काय? ती बंदूक जास्त वेळा उडत होती, की लांब मारत होती, की स्वस्त होती? आणि ती चांगली होती हे इथल्या लोकांना कळत होते, तर त्यांनी ती का घेतली नाही? पुढे जे वाचले त्यातून एवढे ध्यानात आले की तेव्हाचे सरदार आणि सेनापती याच प्रश्नावर डोके खाजवत होते. थोड्या पैशात पुष्कळ बंदुका घ्याव्यात, की जास्त पैसे मोजून भरवशाच्या मोजक्या घ्याव्यात, हा हिशोब त्यांना रोज करावा लागे.

तोडा आणि गार

सतराव्या-अठराव्या शतकांत दख्खनमध्ये सर्रास वापरली जाणारी बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. नळीच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक असते, त्याला बंदुकीचा कान म्हणत. कानाशी असलेल्या छोट्या वाटीत चिमूटभर बारीक दारू घालायची, तिला रंजक म्हणत. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी, म्हणजे तोडा किंवा जामगी, सारखी धुमसत ठेवायची. चाप ओढला की तोड्याचे पेटते टोक रंजकेवर टेकते, रंजक भडकते, ज्वाळा कानातून आत जाते आणि बार उडतो.

या यंत्रणेत बिघडण्यासारखे फारसे काही नाही. एक तरफ, एक खिळा, एक चिमटा. गावातला लोहार ती बनवू शकतो आणि मोडली तर दुपारपर्यंत दुरुस्तही करून देतो. दोरी घरच्या कापसाची आणि सोरा देशातलाच. पण तोडा पेटता ठेवावा लागतो. पावसात तो विझतो, रात्री त्याचा निखारा शत्रूला दुरून दिसतो, आणि कमरेला दारूची पिशवी लटकवलेली दहा माणसे हातात जळती दोरी घेऊन खांद्याला खांदा लावून उभी करणे म्हणजे आपणहून संकट ओढवून घेणे. त्यामुळे तोडेवाले विरळ रांगेत उभे राहत आणि बार भरायला वेळही जास्त लागे.

चकमकीच्या बंदुकीत तोड्याच्या जागी गारेचा तुकडा आला. घोड्याच्या जबड्यात गार घट्ट बसवलेली असते. चाप ओढला की आतली कमान सुटते, घोडा जोराने पुढे येतो, गार समोरच्या पोलादी पट्टीवर घासते आणि ठिणग्या रंजकेच्या वाटीत पडतात.

इथे वर्गात थांबावे असे मला वाटते. मराठवाड्यातल्या शेतांत गारगोट्या हव्या तेवढ्या मिळतात. दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासून पाहण्याचा खेळ मुलांनी खेळलेला असतो. पण त्या मंद उजेडाने दारू पेटत नाही. चकमकीतली ठिणगी वेगळी, ती दगडाची नसते, लोखंडाची असते. गार पोलादापेक्षा टणक असल्यामुळे तिची धार पोलादाचा अगदी बारीक कण खरवडून काढते. खरवडताना तो कण तापतो, आणि आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा असल्याने हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग झपाट्याने होऊन तो जळतो. वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडरमधून उडणाऱ्या ठिणग्या याच जातीच्या. जुनी कानस आणि धारदार कडेची गारगोटी घेऊन हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा, डोळ्यांना चष्मा लावून.

म्हणजे चकमकीच्या बंदुकीचा सगळा भरवसा तीन गोष्टींवर आहे: गारेची धार, पट्टीचा टणकपणा आणि कमानीचा जोर. गार वीस-तीस बारांनंतर बोथट होते, ती बदलावी किंवा पुन्हा टवकारावी लागते. पट्टी मऊ लोखंडाची असेल तर तिच्यावर ओरखडा उठतो, ठिणगी उडत नाही. म्हणून पट्टीला हाडांच्या आणि कातड्याच्या कोळशात पुरून लाल होईपर्यंत तापवायचे, म्हणजे कोळशातला कार्बन लोखंडाच्या वरच्या थरात शिरतो, आणि मग पाण्यात विझवायचे. वरचा थर काचेसारखा टणक होतो, आतला गाभा चिवट राहतो. कमानीचे काम त्याहून नाजूक. ती नुसती टणक केली तर पहिल्या दोन-चार ओढींतच तुटते, मऊ ठेवली तर ताण धरत नाही. विझवलेल्या पोलादाला पुन्हा बेताने तापवून, त्यावर निळी झाक आली की थांबवायचे, ही हातोटी ज्याला साधली त्याचीच कमान वर्षानुवर्षे टिकते. उत्तम तलवार घडवणारे कारागीर आपल्याकडे होते. पण हजारो कमानी एकसारख्या घडवणे हे काम निराळे आहे. त्याला ठरावीक पोलाद, ठरावीक भट्टी आणि प्रत्येक नग तपासणारा माणूस लागतो, आणि या तिन्हींना पैसे पडतात.

नळीच्या बाबतीत मात्र पारडे उलटे होते. युरोपात साध्या बंदुकीची नळी बनवताना लोखंडाची लांब पट्टी गजाभोवती दुमडत आणि तिच्या दोन कडा लांबीच्या दिशेने जोडत. आपल्याकडच्या चांगल्या कारागिरांची पद्धत अशी की अरुंद पट्टी गजाभोवती मळसूत्रासारखी गुंडाळायची आणि वेढे ठोकून एकजीव करायचे. यात फरक काय पडतो हे वरच्या वर्गांतल्या मुलांना गणिताने दाखवता येईल. आतून दाब असलेल्या नळीच्या भिंतीवर परिघाच्या दिशेने जो ताण येतो, तो लांबीच्या दिशेने येणाऱ्या ताणाच्या दुप्पट असतो. म्हणूनच दाबाने फुटलेला पाण्याचा पाईप बहुधा उभा चिरतो. सांधा उभा असेल तर हा दुप्पट ताण नेमका सांध्यालाच उकलू पाहतो. वेढ्यांची नळी असेल तर तो ताण अखंड पट्टीच्या लांबीवर येतो आणि सांध्यावर त्याचा थोडाच भाग पडतो. (बंदुकीची नळी जाड असल्याने हे गणित तिथे काटेकोर लागू होत नाही, पण दिशा तीच राहते.) तेव्हा देशी नळी जड आणि लांब, पण अंगावर न फुटणारी.

हा भेद महत्त्वाचा आहे. बार फुसका गेला तर एक नेम वाया जातो, शिपाई पुन्हा रंजक घालतो. नळी फुटली तर शिपायाचा हात जातो, कधी डोळा जातो, आणि शेजारचे दहाजण त्या दिवसापासून बंदूक गालाला लावायला कचरतात. दोन्हींना आपण "भरवशाची नाही" असे एकच नाव देतो, पण खरेदी करणाऱ्याने या दोन दोषांची किंमत एकच धरली तर तो फसलाच.

आग्र्याचा कारखाना

आता बाजारातली गोष्ट. महादजी शिंदे यांनी १७८४ साली डी बॉईन या सव्हॉयच्या माणसाला पलटणी उभारण्यासाठी नोकरीत घेतले. सुरुवातीचा करार प्रत्येकी ८५० माणसांच्या दोन पलटणींचा होता. माणसामागे महिना आठ रुपये महादजींनी द्यायचे ठरले. डी बॉईन शिपायाला साडेपाच रुपये देई आणि उरलेल्या अडीच रुपयांत अधिकाऱ्यांचे पगार भागवी. हिशोब असा तंग होता.

या पलटणींना संगिनीसह चकमकीच्या बंदुका हव्या होत्या. विलायतेहून येणाऱ्या बंदुकीवर जहाजाचे भाडे, व्यापाऱ्याचा नफा आणि कंपनी सरकारची मर्जी असे तीन भार असत. म्हणून आग्र्याला कारखाना निघाला. सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश माणूस तिथे तोफा ओती आणि बंदुका बनवून घेई. जुन्या इंग्रजी ग्रंथांत नोंद आहे की त्याच्या हाताखाली तयार झालेली बंदूक दहा रुपयांना पडे. शिपायाच्या दोन महिन्यांच्या पगारापेक्षा थोडी कमी! पाच हजार शिपायांना बंदुका द्यायच्या तर पन्नास हजार रुपये झाले. आज ही रक्कम क्षुल्लक वाटते, पण त्याच पैशात त्या पाच हजारांचा सुमारे दोन महिन्यांचा पगार निघत होता, आणि पगार थकला की पलटणी धरणे धरीत. मग बंदुका घ्यायच्या की माणसे राजी ठेवायची?

निजामाच्या बाजूलाही हेच चालू होते. तिथे रेमंड या फ्रेंच अधिकाऱ्याने हैदराबादेत तोफांचा कारखाना घातला. त्या भागाला आजही गनफाउंड्री म्हणतात. आपले औरंगाबाद तेव्हा निजामाच्या मुलखात होते.

दहा रुपयांच्या बंदुकीत काटकसर कुठे झाली असेल? नळीत ती होणे कठीण, कारण ते काम इथल्या लोहारांच्या हातचे होते. काटकसर होणार ती चापाच्या यंत्रणेत, म्हणजे कमान आणि पट्टीत. हा माझा तर्क आहे, पण वर सांगितलेल्या धातुशास्त्राशी तो जुळतो. तोफांच्या बाबतीत मात्र पुरावा स्पष्ट आहे. १८०३ मध्ये दिल्लीच्या लढाईनंतर इंग्रजांनी पकडलेल्या शिंद्यांच्या तोफा तपासल्या तेव्हा काहींवर मथुरा आणि उज्जैन ही नावे होती, काम कंपनीच्या कारखान्याच्या तोडीचे होते, आणि काही तोफांत आत लोखंडी नळी घालून तिच्याभोवती मिश्रधातू ओतलेला होता. यामागची युक्ती पाहण्यासारखी आहे. काशाची तोफ फुटण्याआधी फुगते, म्हणजे इशारा देते, पण लोखंडी गोळ्याने ती आतून झिजते. शिवाय तांबे आणि कथील दोन्ही महाग. लोखंड स्वस्त आणि टणक, पण ओतीव लोखंडाची तोफ न सांगता फुटते. आत लोखंड, बाहेर मिश्रधातू अशी जोडी केली की झीज कमी आणि फुटण्याची भीतीही कमी.

लंडनची काटकसर

इंग्रजांकडे पैसा होता, म्हणून त्यांनी उत्तम बंदूक घेतली असेल असे आपण समजतो. घडले उलटेच. १७९० च्या सुमारास त्यांच्या शस्त्रखात्याचा प्रमुख ड्यूक ऑफ रिचमंड याने हेन्री नॉक या नामांकित कारागिराकडून एक नवी बंदूक तयार करवली. तिच्या चापाच्या यंत्रणेत नेहमीचे स्क्रू नव्हते, ती सहज उघडून साफ करता येई. बंदूक सुरेख होती, पण बनवायला वेळ लागे. १७९३ साली फ्रान्सशी युद्ध पेटले आणि लाखो बंदुकांची गरज पडली. तेव्हा सरकारने ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदामांकडे मोर्चा वळवला.

कंपनी म्हणजे व्यापारी. तिने आपल्या हिंदुस्थानातल्या शिपायांसाठी एक स्वस्त नमुना ठरवला होता: नळी ४२ इंचांऐवजी ३९ इंचांची, गज धरून ठेवणाऱ्या पितळी नळ्या चारऐवजी तीन, पितळेचे काम साधे, लाकूड कमी प्रतीचे. या बंदुकीचे नावच "इंडिया पॅटर्न". सरकारने कंपनीच्या तयार बंदुका विकत घेतल्या आणि १७९७ पासून आपल्या सैन्यासाठी हाच नमुना करायला सांगितले. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत इंग्रज शिपायाच्या खांद्यावर जी बंदूक होती ती हीच. हिंदी शिपायाला पुरेल म्हणून स्वस्तात केलेली वस्तू विलायतेच्या राजाच्या सैन्याने स्वीकारली, ही गोष्ट आपल्या पुस्तकांत कुठे येत नाही. यायला हवी.

पण कंपनीने काटकसर कुठे केली ते पाहा. लांबी, नक्षी आणि लाकूड यांत केली. नळी पारखून घेण्याचे सोडले नाही. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून प्रत्येक नळी उडवून पाहायची आणि जी फुटेल ती बाद करायची, ही पद्धत तिथे रुळलेली होती. पुढे १८१३ मध्ये बर्मिंगहॅमला कायद्याने नळ्या पारखण्याचे स्वतंत्र गृह स्थापन झाले. पारख फुकट होत नाही. समजा शंभर नळ्यांतल्या दहा पारखताना फुटल्या, तर उरलेल्या नव्वदांवर त्या दहांचा खर्च चढतो, म्हणजे प्रत्येक नळी नवव्या हिश्शाने महाग पडते. हा नववा हिस्सा वाचवावासा वाटणारे पुष्कळ असतात. आफ्रिकेत विकायला पाठवलेल्या स्वस्त व्यापारी बंदुकांच्या नळ्या फुटल्याच्या तक्रारी त्या काळी कुप्रसिद्ध होत्या.

असई

औरंगाबादपासून ईशान्येला, सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटरवर, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव औरंगाबाद जिल्ह्यातच होते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसले यांची फौज समोरासमोर आल्या. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा प्रमुख पोलमन नावाचा जर्मन होता.

वेलस्लीची माणसे केळना ओलांडून पुढे सरकली तेव्हा त्यांची कत्तल केली ती शिंद्यांच्या तोफांनी. इंग्रजांच्या बाजूला ४२८ ठार आणि ११३८ जखमी झाले. फौजेच्या आकाराच्या मानाने हा आकडा भयंकर आहे. वेलस्ली पुढे वॉटर्लू जिंकून ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, तरी आपल्या लढायांत तो असईला फार वरचे स्थान देई.

मग बंदुकांचे काय झाले? डावीकडच्या टोकाला ७८ वी हायलँडर पलटण तोफांपासून पन्नास-साठ यार्डांवर थांबली, तिने एक फैर झाडली आणि संगिनी रोखून धाव घेतली. एकच फैर! त्या फैरीत काही बार फुसके गेले असतील तरी लढाईचा निकाल त्याने बदलला नसता. तेव्हा त्या मुलाला मी दिलेले उत्तर चुकले होते. असईला बंदुकीच्या चापावर फारसे काही अवलंबून नव्हते. शिंद्यांच्या नोकरीतल्या अनेक युरोपीय अधिकाऱ्यांना इंग्रजांनी आमिष दाखवून आधीच फोडले होते, ते लढाईपूर्वी निघून गेले होते. पन्नास हजारांच्या बंदुका आणि तितक्याच तोलाच्या तोफा तयार ठेवल्या, पण त्या चालवण्याचा हुकूम देणारी माणसे भाड्याची. ती ऐन वेळी फुसकी गेली.

तेरांत दोन

बंदूक किती वेळा दगा देते याची पद्धतशीर मोजणी पुढे १८३४ साली इंग्लंडात वुलिच येथे झाली. तोवर टोपीची बंदूक निघाली होती. तिच्यात गारेऐवजी तांब्याची इवलीशी टोपी असते, आत स्फोटक रसायन, घोड्याचा घाव बसला की ते पेटते. दोन्ही प्रकारांच्या बंदुकांनी सहा-सहा हजार बार काढले. चकमकीच्या बंदुका ९२२ वेळा फुसक्या गेल्या, टोपीच्या ३६ वेळा. म्हणजे चकमकीचे तेरांत दोन, टोपीचे सुमारे १६७ मध्ये एक.

हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहिले आणि विचारले, एका टोपीच्या बंदुकीइतका भरवसा हवा असेल तर चकमकीच्या किती बंदुका घ्याव्या लागतील? मुलांनी गुणाकार केले. दोन बंदुका एकदम फुसक्या जाण्याची शक्यता २/१३ गुणिले २/१३, म्हणजे ४/१६९, साधारण ४२ मध्ये एक. अजून पुरत नाही. तिसरी घेतली तर ८/२१९७, साधारण २७५ मध्ये एक. म्हणजे तीन बंदुका लागतात. मग टोपीची बंदूक चकमकीच्या तिप्पट किमतीपेक्षा कमी असेल तर ती घेणेच फायद्याचे, असा निष्कर्ष एका मुलीने काढला, आणि तो बरोबर होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण सर, पाऊस आला तर?"

या प्रश्नासाठी तो तास सार्थकी लागला. शक्यतांचा गुणाकार आपण तेव्हाच करू शकतो, जेव्हा एका बंदुकीच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नसतो. पावसात तिन्ही बंदुकांची रंजक एकदमच भिजते. तीन घेतल्या काय आणि तीस घेतल्या काय, कारण समाईक असेल तर सगळ्या एकाच वेळी गप्प बसतात. एकाच भट्टीतल्या वाईट कमानी तीन बंदुकांत बसवल्या असतील तरी तेच. गणितातले "स्वतंत्र घटना" हे दोन शब्द मुले पाठ करतात. त्यांचा अर्थ त्या दिवशी पावसाने समजावला.

टोपीच्या बंदुकीचीही एक मेख आहे. टोप्या गावात बनत नाहीत. त्यांतले रसायन कारखान्यातून येते, आणि कारखान्याची वाट बंद झाली की उत्तम बंदूकही लाकडाच्या दांडक्यासारखीच. तोडेवाल्याला हा घोर नव्हता. चांगल्या बंदुका आल्यानंतरही डोंगराळ मुलखातले शिकारी तोड्याला चिकटून राहिले, त्याला अडाणीपणा म्हणण्याआधी जवळचे दुकान त्यांच्यापासून किती कोसांवर होते ते पाहावे. कोकणात आजही पीक राखण्याच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका ठेवणारे शेतकरी आहेत. दारू ठासायची, छर्रे ठासायचे, वर टोपी बसवायची. रानडुक्कर भाताच्या खाचरात शिरले की बहुधा एकच बार मिळतो, आणि कोकणातल्या पावसात शेतकरी टोपीवर मेणकापड बांधून ठेवतो.